जुन्या मळणी यंत्राच्या अपघाताची जबाबदारी कोणाची?

प्रश्न: काकांनी ट्रॅक्टरवर चालणारे जुने मळणी यंत्र घेतले असून सुगीत ते पोत्यामागे ठरलेल्या दराने गावातही फिरते. सोयाबीनचे काड भराभर आत जावे म्हणून आधीच्या मालकाने तोंडावरचा पत्रा कापून टाकला आहे, आणि पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) तर उघडाच आहे. ज्याने त्याने आपला हात सांभाळावा, असे काका म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर १: काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. नवे यंत्र घेणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि दारू पिऊन किंवा सैल बाह्यांचा सदरा घालून यंत्रापाशी उभे राहणाऱ्याला कोणताही पत्रा वाचवू शकत नाही.

उत्तर २: सावधपणा हवाच, पण मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओवर शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो, त्यामुळे धुळीपासून बचावासाठी तोंडाला बांधलेल्या ओढणीचे टोक त्यात गुंतले, तर हाक ऐकून चालकाने ट्रॅक्टर बंद करेपर्यंत सारे होऊन गेलेले असते. आयएस 9020 या भारतीय मानकात काड टाकण्याची पन्हाळ किमान 900 मिलिमीटर लांब आणि तीपैकी 450 मिलिमीटर झाकलेली असावी असे म्हटले आहे, ते हात लांबवला तरी बोटे ड्रमपर्यंत पोहोचू नयेत म्हणूनच. तो पत्रा मजुराने कापलेला नाही. अशा यंत्रांवरील इजा आणि मृत्यूंच्या भरपाईसाठी केंद्राने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला, हेही काकांच्या कानावर घालावे.

उत्तर ३: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात गमावल्यास 1 लाख आणि मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात, परंतु ते खातेदाराला किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. काड टाकणाऱ्या मजूर बाईच्या नावावर बहुधा सातबारा नसतो. शिवाय कामाचा वेग ती ठरवत नाही. पोत्यामागे पैसे घेणारा मालक ठरवतो, आणि पावसाचे ढग दिसले की रात्रीही यंत्र चालवायला लावणारा शेतकरी ठरवतो. (भाड्याने यंत्र बोलावणाऱ्यानेही उघडा शाफ्ट दिसताच ते परत पाठवावे, पण घाईत तेवढे कोण पाहतो?)

प्रश्नकर्ता: सर्वांचे आभार. पत्रा जोडून घ्यायला काका तयार झाले आहेत. शाफ्टचे आवरण मात्र सुगीनंतर पाहू म्हणतात, आणि ते मला मान्य नाही.