अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून एमएलटी: बी.एस्सी. मायक्रो असेल तर?

सोनचाफा: न्यू जर्सीत एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे. २०१२ ची पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचा (एमएलटी) दोन वर्षांचा असोसिएट कोर्स करायचाय. जुने विषय धरतात का? आणि क्लिनिकलच्या (हॉस्पिटलच्या लॅबमधल्या प्रशिक्षणाच्या) आधी काय काय लागतं?

रानवारा: सगळ्यात आधी कोर्सला नॅकल्सची (लॅबचे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था, NAACLS) मान्यता आहे का ते बघा. नुसत्या कॉलेजच्या मान्यतेवर जाऊ नका. नॅकल्सचा कोर्स झाला की एएससीपीच्या (लॅब टेक्निशियनना प्रमाणपत्र देणारी संस्था, ASCP) परीक्षेला सरळ बसता येतं: १०० प्रश्न, अडीच तास, ९९९ पैकी ४०० ला पास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, त्यामुळे पेपर कठीण वाटला म्हणून हाय खाऊ नका.

मार्कशीटचं मूल्यमापन डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांकडून करून घ्या, पण 'कोर्स-बाय-कोर्स'च. स्वस्तातल्या रिपोर्टात फक्त पदवीची बरोबरी असते, विषयवार क्रेडिट नसतात, मग दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. बऱ्याच कॉलेजांत विज्ञानाच्या विषयांना पाच ते दहा वर्षांची मुदत असते. २०१२ चे विषय त्यात बसणं अवघड. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, केमिस्ट्री पुन्हा करावी लागेल असं धरूनच चाला. सिलॅबसची प्रत मात्र जवळ ठेवा, सूट मागताना तीच उपयोगी पडते.

आणखी एक, कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे एमएलटीची सीट मिळाली असं नाही. तिचा अर्ज वेगळा असतो आणि जागा मोजक्याच.

पाणपोई: क्लिनिकलला आपली माणसं अडकतात ती टीबीच्या तपासणीत. लहानपणी बीसीजी (टीबीची लस) घेतलेलं असलं की हातावरची त्वचा-चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि खुलासे. पहिल्यापासूनच क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी मागा, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती एमएमआरच्या (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी करा. लस आधी घेतली तर किमान चार आठवडे थांबा, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची तपासणी) शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी, आकडा किमान १० हवा. म्हणजे सुरुवात क्लिनिकलच्या आठ महिने आधी. लहानपणीचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांचे टायटर करून घ्या. शिवाय पार्श्वभूमी तपासणी आणि लघवीची ड्रग टेस्टही असते.

दीपमाळ: एच-४ वर शिकायला व्हिसा बदलायला लागत नाही, क्लिनिकल बिनपगारी असल्याने तेही चालतं. नोकरीसाठी मात्र ईएडी (काम करण्याचा परवाना) हवं, आणि त्यासाठी साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असावा लागतो. दोन वर्षं घालवण्याआधी हे घरात स्पष्ट करून घ्या.

फीबद्दल: तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) कॉलेजात हा कोर्स नसेल तर दुसऱ्या काउंटीत 'चार्जबॅक' मिळू शकतो, म्हणजे बाहेरच्या काउंटीतल्यांना पडणाऱ्या जादा फीचा फरक तुमची काउंटी भरते. आपल्या कॉलेजकडून 'हा कोर्स आमच्याकडे नाही' असा दाखला आणि रहिवासाचा दाखला लागतो. व्हिसावर असताना लागू होतो का ते आधीच विचारा. सेमिस्टर सुरू झाल्यावर धावपळ केली तर पूर्ण फी भरायची वेळ येते.