रेकीची पाच तत्त्वे रोजच्या जगण्यात : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये टोकियोत रेकी ही हात ठेवून उपचार करण्याची पद्धत शिकवण्यास आरंभ केला आणि सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणावीत अशी पाच तत्त्वे दिली : फक्त आजच्या दिवसापुरते मी रागावणार नाही, काळजी करणार नाही, कृतज्ञ राहीन, काम निष्ठेने करीन, सर्वांशी दयाळूपणे वागेन. ती आचरताना आपल्या घरी, कामावर काय घडले, ते येथे लिहावे.

गावभाग, सांगली
पावसाळ्यात आमच्या घरी पहिला प्रश्न असतो तो आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हाच. २०१९ च्या महापुरानंतर कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की सासूबाईंना रात्रभर झोप लागत नसे. त्यांना जन्मभर निश्चिंत राहा असे सांगणे व्यर्थ होते. आजच्या रात्रीपुरते मात्र त्यांना पटले. आता जुलै लागताच आम्ही कागदपत्रे आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवतो, निघावे लागले तर कोणाकडे जायचे हे ठरवून ठेवतो, आणि त्या दिवशी करण्याजोगे सारे झाले की दोघी मिळून तत्त्वे म्हणतो. सासूबाई ती हरिपाठाला जोडूनच म्हणतात. तयारी न करता नुसते ‘काळजी नको’ म्हणणे मला तत्त्वपालन वाटत नाही.

मार्केट यार्ड, सांगली
हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. निष्ठेने काम करणे म्हणजे माझ्यापुरते एवढेच, की सौद्यानंतर पट्टी करताना हमाली, तोलाई आणि उचल यांचा प्रत्येक आकडा शेतकऱ्याला वाचून दाखवायचा, मागे कितीही गर्दी असो.

सातारा
माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. पोवई नाक्यावर जायचे म्हणून ते पुन्हा पुन्हा चप्पल घालून दाराशी येतात. राग येतोच, पण तो आवरण्याचा नुसता निश्चय टिकत नाही, दयेचे तत्त्व सोबत लागते, असा माझा अनुभव आहे. मी वाद न घालता त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातो. बहुधा तेवढ्यात त्यांचे समाधान होते आणि ते आपणहून परत फिरतात.

मिरज
मी परिचारिका आहे, म्हणून आधी हे सांगते, की रेकी घेणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नये. कृतज्ञतेचे तत्त्व मी रात्रपाळी संपताना पाळते : वॉर्डातील मावशींनी त्या रात्री नेमके कोणते काम केले, त्याचा उल्लेख करूनच त्यांचे आभार मानते. त्यासाठी रात्रभर त्यांच्या कामाकडे लक्ष द्यावे लागते, आणि पूर्वी ते कोणीच देत नव्हते.