देव आपल्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही: युवक अभ्यासासाठी कोणता उतारा घ्यावा?

मलप्रभा_काठ
जय ख्रिस्त. खानापूर भागातल्या मंडळीत युवक संघाचा बायबल अभ्यास घ्यायचा आहे. वेळ पाऊण तास, पंधरा-वीस जण, निम्मे मराठी वाचणारे, निम्मे कन्नड शाळेत शिकलेले. यशया ५५:८ वाचून ‘त्याचे मार्ग वेगळे’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि चर्चा तिथंच बसते. गिदोन, नामान, योना, येशूचा यरुशलेमेत गाढवावरून प्रवेश असे उतारे काढलेत. सगळे बसतील का?

शहापूर_पेठ
नाही बसणार. एकच घ्या, २ राजे ५:१-१४. वचनं दोन्ही भाषांत आळीपाळीनं वाचून घ्या. नामान अरामाचा सेनापती, म्हणजे इस्राएलाला शत्रूच, आणि कुष्ठरोगी; बरं व्हायला तो इस्राएलातल्या अलीशा संदेष्ट्याकडे जातो. सीमाभागातल्या पोरांना हे फोडून सांगावं लागत नाही. ५ व्या वचनावर रेंगाळा. दहा किक्कार चांदी, म्हणजे तीन क्विंटलच्या पुढं, वर सोनं आणि दहा पोशाख. बरं होण्याची किंमत तो घरूनच ठरवून निघालाय.

मग ११ वर थांबा. फळ्यावर दोन रकाने करा: नामानाला काय वाटलं होतं, आणि घडलं काय. संदेष्टा बाहेर येईल, देवाचं नाव घेईल, हात फिरवील, असं त्याला वाटलं होतं. अलीशा दारातसुद्धा आला नाही, निरोप्या धाडला: यार्देनेत सात वेळा बुडी मार. हे मुलांकडूनच काढून घ्या. वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

बहुतेक गट इथं ‘विश्वास होता म्हणून बरा झाला’ म्हणून मोकळे होतात. तो तर चिडून निघाला होता! त्याला वळवलं चाकरांनी, आणि मुळात वाट दाखवली इस्राएलातून धरून आणलेल्या मुलीनं. शेवटी लूक ४:२२-२९ वाचा. येशूनं नामानाचं नाव काढलं आणि मघाशी वाहवा करणारे नासरेथकर त्याला कड्यावरून लोटायला निघाले. राग नेमका कशाचा, एवढंच विचारा.

चिकोडी_रोड
यशया ५५ टाकू नका, फक्त ८ पासून सुरू करू नका. ७ व्या वचनात दुष्टानं परत यावं, देव भरपूर क्षमा करील, असं आहे. ८ त्यालाच जोडून येतं. आपण जिथं क्षमा आटोपती घेतो तिथं तो घेत नाही, हा तिथला वेगळेपणा. देव लहरी आहे असं तिथं कुठंच नाही. देव निनवेकरांना क्षमा करतो, योनाची तक्रारही हीच (४:२). मत्तय २० मध्ये दिवस मावळताना आलेल्या गड्याला सकाळच्या गड्याएवढाच दीनार मिळतो. भात लावणीच्या हजेरीवर जाणाऱ्या घरातली पोरं यावर भांडतात. भांडू द्या.

निपाणी_वेस
गाढव झावळ्यांच्या रविवारी ठेवा. त्याला ‘अनपेक्षित’ म्हणतानाही जपून, कारण जखऱ्या ९:९ मध्ये ते आधीच लिहिलेलं आहे, आणि ९:१० मध्ये रथ, घोडे, धनुष्य नाहीसे होणार हेही. लोकांनी सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं.

गिदोनाबद्दल एक चूक सगळीकडे ऐकू येते: त्याच्या सैन्यातले हातानं पाणी घेऊन चाटणारे ३०० जास्त सावध, म्हणून लढाईला निवडले. शास्ते ७:२ मध्ये कारण स्पष्ट आहे: ‘आमच्याच हातानं आम्ही वाचलो’ असं इस्राएलानं म्हणू नये. ३२,००० वरून ३०० वर आणायचं ते त्यासाठी. निवडक शूर घेतले म्हटलं की मुद्दाच मेला.

मलप्रभा_काठ
नामान नक्की. पण घरचं माणूस नुकतंच गेलेलं कुणी गटात असेल आणि ‘तो बरा झाला, आमचं माणूस का नाही’ असं विचारलं तर?

शहापूर_पेठ
कारण सांगायला जाऊ नका. लूक ४:२७ स्वतःच म्हणतं की इस्राएलात पुष्कळ कुष्ठरोगी होते, त्यांतला एकही शुद्ध झाला नाही. शास्त्र हे झाकत नाही, आपणही झाकू नये. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य कुणी बोलायचं नाही, असं मदतनिसांना आधीच बजावून ठेवा. दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं (ईयोब २:१३). मग कारणमीमांसा सुरू झाली, आणि ४२:७ मध्ये देवाचा राग त्यांच्यावर. नीट बोलला तो ईयोब. प्रश्न आलाच तर स्तोत्र १३ वाचा, सहाच वचनं आहेत. ‘कुठवर?’ हा सवाल देवालाच विचारलेला आहे. मग प्रार्थना, लांबण न लावता.