स्पर्धेसाठी ग्रीग की मोत्सार्ट? शेवटचा शब्द कुणाचा?

पाचपाखाडीची आई:
माझी मुलगी चौदा वर्षांची. आठ वर्षं पियानो शिकतेय. जानेवारीत एका स्पर्धेत तिला कॉन्चेर्टोची, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबरच्या पियानो रचनेची, एक मूव्हमेंट (एक खंड) वाजवायची आहे. ऑर्केस्ट्राचा भाग दुसऱ्या पियानोवर, वेळ बारा मिनिटं. सरांनी संगीतकार मोत्सार्टचा ए मेजर, के. ४१४ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) सुचवलाय. तिला हवाय संगीतकार ग्रीगचा ए मायनर. शाळेतून आली की आधी त्याचं रेकॉर्डिंग लावते, मग जेवते.
माझं मत स्पष्ट आहे, निवड तिची असावी. सहा महिने रोज तीन तास त्या सुरांबरोबर तिला राहायचंय, सरांना किंवा मला नाही. मनाविरुद्धची रचना मुलं नुसत्या बोटांनी वाजवतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

वाशीत शिकवतो:
ताई, ओढ हवीच. पण ओढ वेगळी, आवाका वेगळा. ग्रीगची सुरुवात फसवी आहे. टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) गडगडाट, मग वरून खाली कोसळणारे ते कॉर्ड्स, एकदम दाबलेले स्वरांचे गुच्छ. एवढं महिन्याभरात बसतं आणि घरचे खूश होतात. खरी परीक्षा शेवटाकडच्या कॅडेन्झात, म्हणजे एकट्याने वाजवायच्या भागात. तिथे दुसरा पियानो गप्प असतो, दोन्ही हातांत भरगच्च कॉर्ड्स आणि तोवर दंड भरून आलेले. शिवाय ही मूव्हमेंट बारा-तेरा मिनिटांची. नुसत्या ऑर्केस्ट्राचे भाग थोडे कापता येतील, पण कॅडेन्झा कापून ग्रीग वाजवण्यात काय अर्थ?
ही चूक मी स्वतः केली आहे. एका विद्यार्थ्याच्या हट्टापायी त्याला रॅखमानिनॉफचा दुसरा कॉन्चेर्टो दिला. त्यातले पहिलेच कॉर्ड्स डाव्या हाताला ऑक्टेव्हच्या (सा ते वरचा सा) पलीकडे, दहाव्या स्वरापर्यंत ताणतात. मनगट दुखावलं, दोन महिने पियानो बंद. तेव्हापासून मी आधी हात बघतो.

घणसोलीकर:
हाताबद्दल सहमत, बाकी नाही. मोत्सार्ट मुलांचा आणि ग्रीग मोठ्यांचा, असं धरून चालतो आपण. के. ४१४ हा १७८२ चा, तेव्हा मोत्सार्ट २६ वर्षांचा. ग्रीगने आपला १८६८ मध्ये लिहिला, २५ व्या वर्षी. दोघेही जवळपास एकाच वयाचे! मोत्सार्टनेच वडिलांना के. ४१४ आणि त्याच्या सोबतच्या कॉन्चेर्टोंबद्दल लिहिलं होतं की ते फार सोपे आणि फार अवघड यांच्या बरोबर मधले आहेत.
ग्रीगमध्ये एखादा स्वर निसटला तर पेडल सांभाळून घेतं. मोत्सार्टच्या स्केलमध्ये एक बोट अडखळलं तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातं. स्टेजवर घाबरणाऱ्या मुलीला स्पर्धेत मोत्सार्ट देणं जास्त धोक्याचं, असं मी म्हणेन.

कोपरीचा साथीदार:
मी दुसऱ्या पियानोवर बसणारा माणूस, म्हणून विचारतो: साथ कोण करणार? ग्रीगचा ऑर्केस्ट्रा पियानोवर उतरवलेला असला तरी त्यालाही चार महिने रियाझ लागतो. त्यात आपल्याकडे सरावाला एक अपराइट (उभा पियानो) आणि एक डिजिटल, अशीच जोडी मिळते. पावसाळ्यात खाडीकाठच्या घरात अपराइटचा साउंडबोर्ड (आतली लाकडी फळी) दमट हवेने फुगतो, सूर सरकतो आणि डिजिटल मात्र ठरलेल्या ४४० हर्ट्झवरच. मग दोन पियानो भांडत बसतात. डिजिटलच्या सेटिंगमध्ये सूर हलवून अपराइटशी जुळवून घ्या, नाहीतर मुलीचा कान बिघडेल.
आणि के. ४१४ ची एक गंमत कुणी सांगितली नाही. मोत्सार्टने तो वाद्यवृंदाशिवाय, दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो एवढ्यांवरही वाजवता येईल असा लिहिला. ठाण्यात व्हायोलिन शिकणारी मुलं आहेतच. स्पर्धा राहू दे, सरांच्या वार्षिक कार्यक्रमात या चार तारवाद्यांबरोबर वाजवण्याचा आनंद तिला एकदा मिळू द्या.

पाचपाखाडीची आई:
काल रात्री हात मोजला. ऑक्टेव्ह आरामात, नववा स्वर जेमतेम. तिला हा धागा वाचून दाखवला. चार वाद्यांचं ऐकून डोळे मोठे झाले, पण लगेच म्हणाली, "तो कार्यक्रमाला. स्पर्धेला ग्रीगच." घाबरते हे खरं आहे, घणसोलीकर, आणि म्हणूनच मी तिच्या बाजूने आहे. जे आवडतं त्यात ती भीती विसरते, हे मी पाहिलंय.

वाशीत शिकवतो:
मी अजूनही असहमत. भीती विसरली तरी दंड विसरत नाहीत. एक करा. सुरुवात तूर्त बाजूला ठेवा. तीन आठवडे फक्त कॅडेन्झा, अर्ध्या टेम्पोत (लयीत), रोज वीस मिनिटं. कोपरापासून मनगटापर्यंत जरा जरी दुखलं तर त्याच दिवशी थांबवा. तीन आठवड्यांनी तिचे सर ऐकतील आणि ठरवतील. तुम्ही नाही, मीही नाही.

पाचपाखाडीची आई:
मान्य. आज शनिवार, ट्रान्स-हार्बर लोकलने तिला क्लासला घेऊन निघाले आहे. मांडीवर कॅडेन्झाची पानं आहेत आणि डावा हात दप्तरावर चालू आहे.