मदत हवी आहे: मयत, कै., निधन... इंग्रजीत नेमका कोणता शब्द?

दौत_टाक

एका कुटुंबाचे कागद मराठीतून इंग्रजीत करायचे आहेत. वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि पोलीस ठाण्याचा अहवाल अमेरिकेतल्या बँकेकडे आणि विमा कंपनीकडे जाईल. शिवाय तिकडच्या नातेवाइकांना एक पत्र आहे. शब्दकोशात 'डेड', 'डिसीस्ट', 'लेट', 'एक्स्पायर्ड', 'डिमाइज' सगळे एकाच ओळीत सापडतात, त्याचा उपयोग नाही. अडलेल्या जागा:

१) मयत इसमाचे वारस खालीलप्रमाणे
२) कै. अमुक यांनी १९९८ साली सदर खाते उघडले
३) हृदयक्रिया बंद पडून निधन झाले
४) अकस्मात मृत्यूची नोंद
५) पत्रात 'माय फादर एक्स्पायर्ड' चालेल का?

शब्दखोर

पहिल्यासाठी 'द डिसीस्ट'. आपल्या 'मयत'ची जागा इंग्रजीत हाच शब्द घेतो: कायद्याचा, कोरडा, आणि त्या एका माणसापुरता. प्रतिज्ञापत्रात पहिल्यांदा पूर्ण नाव लिहून पुढे 'यापुढे द डिसीस्ट' अशी व्याख्या करा, मग शेवटपर्यंत तोच शब्द. मध्येच 'लेट', मध्येच 'एक्स्पायर्ड' असं केलं तर वाचणाऱ्याला दोन माणसं वाटू शकतात. अमेरिकेच्या वारसा कायद्यात 'डिसीडंट' हाही शब्द येतो. बँकेच्या फॉर्मवर तो असेल तर तोच उचला.

आता सावधान. 'डिसीस्ट'चं स्पेलिंग डी-ई-सी-ई-ए-एस-ई-डी. डी-आय-एस-ई-ए-एस-ई-डी लिहिलंत तर उच्चार 'डिझीझ्ड' आणि अर्थ 'रोगग्रस्त'. दोन्ही शब्द खरे असल्याने संगणकाची तांबडी रेघ उमटत नाही. मराठीत दोन्ही 'डिसीज्ड' असेच उच्चारले जातात, त्यामुळे टंकलेखकाला सांगून लिहून घेताना ही चूक हमखास होते.

गोदाकाठ

दुसऱ्या वाक्यात 'लेट' अजिबात नको. खातं उघडताना गृहस्थ जिवंत होते. "द लेट मिस्टर अमुक ओपन्ड द अकाउंट" हे चुकीचं इंग्रजी नाही, पण कायद्याच्या कागदात विचित्र दिसतं. मराठीत आपण 'कै.' नावालाच चिकटवून टाकतो. जन्मतारीख सांगतानासुद्धा 'कै. यांचा जन्म' लिहितो आणि कोणाला खटकत नाही. इंग्रजीत नुसतं नाव ठेवा.

'लेट' नावाआधी किंवा नात्याआधी येतो: 'माय लेट फादर'. 'ही इज लेट' म्हटलं की तो उशिरा येतोय. (दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना भागातल्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ 'तो वारला' असाच होतो!) माणूस जाऊन बराच काळ लोटला की 'लेट' गळून पडतो, जसं लोकमान्य टिळकांच्या नावाआधी आपण कै. लावत बसत नाही.

आणखी एक. कागदावर स्वर्गीय, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी, कालकथित यांपैकी काहीही असलं तरी इंग्रजीत 'लेट' एवढंच. 'रेसिडेंट ऑफ हेवन' छापाची भाषांतरं करू नयेत.

नाडीपरीक्षा

तिसरं वाक्य विम्यासाठी नाजूक आहे. 'हृदयक्रिया बंद पडणे' म्हणजे 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट'. 'हृदयविकाराचा झटका' म्हणजे 'हार्ट अटॅक'. पहिल्यात हृदय थांबतं, दुसऱ्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. दुसऱ्यामुळे पहिलं होऊ शकतं, पण दोन्ही एक नाहीत. मराठी बातम्या दोन्ही वाक्यं सर्रास अदलाबदल करून वापरतात, म्हणून प्रतिज्ञापत्रातल्या मराठीवर विसंबू नका.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागवा. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर तो नमुना ४, घरी झाला असेल तर ४-अ. त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागचं मूळ कारण अशा वेगळ्या ओळी असतात. नुसतं हृदय बंद पडणं ही मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. ती लिहू नये अशी सूचना त्या नमुन्यावरच असते. त्यातले इंग्रजी शब्द जसेच्या तसे उतरवा, आपलं भाषांतर घुसडू नका.

शब्दयोगी अव्यय: आजाराने असेल तर 'डाइड ऑफ', जखमांमुळे असेल तर 'डाइड फ्रॉम' (तिथे 'ऑफ'ही चालतं), अपघातात 'डाइड इन'. 'डाइड बाय अ‍ॅक्सिडेंट' लिहिलं तर 'चुकून मेला' असा वास येतो. आत्महत्येसाठी 'कमिटेड' टाळून 'डाइड बाय सुइसाइड' लिहा. 'कमिट' क्रियापद गुन्ह्यासोबत येतं.

शब्दखोर

चौथ्याबद्दल. पोलिसांच्या 'अकस्मात मृत्यू' या नोंदीचं सरकारी इंग्रजी 'अ‍ॅक्सिडेंटल डेथ' असंच आहे, ए.डी. म्हणतात ती. पण त्या नोंदवहीत विषप्राशन, गळफास, बुडणं, कारण न कळलेले मृत्यू असं सगळं जातं. विमा कंपनीच्या भाषेत 'अ‍ॅक्सिडेंटल डेथ' म्हणजे अपघाती मृत्यू, आणि त्यावर अनेक पॉलिसींत जादा रक्कम असते. तुम्ही नुसते तेच दोन शब्द लिहिलेत तर दाव्याचा अर्थच बदलेल. नोंदीचं नाव अवतरणात ठेवा आणि भाषांतरकाराची टीप म्हणून एक ओळ द्या: ही पोलीस चौकशीची नोंद आहे, मृत्यूच्या कारणाचा निष्कर्ष नाही.

अहवालात 'जीवितहानी नाही' असं कुठे असेल तर 'नो कॅज्युअल्टीज' लिहू नका. 'कॅज्युअल्टी'त जखमीही मोजले जातात. 'नो फॅटॅलिटीज' लिहा.

गोदाकाठ

पत्रासाठी 'पास्ट अवे'. घाईत 'पास्ट आउट' लिहिलंत तर तिकडे वाचतील की वडिलांना भोवळ आली.

'एक्स्पायर्ड' भारतात सगळे समजतात, अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींतही आढळतो. पण घरच्या पत्रात तिकडच्या वाचकाला दुधाची पिशवी आणि पासपोर्ट आठवतो. 'सॅड डिमाइज' फार जड. तसाही 'डिमाइज' मुळात हस्तांतराचा शब्द आहे. भाडेपट्ट्याच्या करारातली 'डिमाइज्ड प्रिमायसेस' म्हणजे पट्ट्याने दिलेली जागा. तिथे कोणी मेलेलं नसतं.

'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे' यासाठी 'ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय'. एखादा मुलगा वडिलांआधीच गेला असेल तर त्याच्यापुढे 'प्रीडिसीस्ट'. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या इंग्रजी मजकुरातही हाच शब्द आहे. त्याच्या मुलांनाही वाटा येतो, म्हणून प्रतिज्ञापत्रातून तो गाळू नका. मृत्युपत्र नसेल तर 'डाइड इंटेस्टेट'.

दौत_टाक

खूप आभार. दुरुस्त केलेलं मुख्य वाक्य: "द डिसीस्ट इज डेड सिन्स ०३/०४/२०२३ अँड इज सर्व्हाइव्ह्ड बाय हिज वाइफ अँड टू सन्स." बरोबर?

शब्दखोर

उत्तरार्ध ठीक. पूर्वार्धात मराठी डोकावतंय. 'डेड' ही अवस्था आहे आणि 'डाय' ही घटना. तुम्हाला तारखेची घटना सांगायची आहे, म्हणून "डाइड ऑन". आणि ०३/०४ अमेरिकेत ४ मार्च वाचतील, महिना अक्षरी लिहा. महापालिकेच्या दाखल्यावर मृत्यू दिनांक आणि नोंदणी दिनांक असे दोन रकाने असतात. ही तारीख त्यातली पहिलीच आहे ना, एवढं पाहून घ्या.