प्लेनर फळीचं शेवटचं टोक खातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळचा, धंद्याने सुतार नाही, नोकरी सांभाळून रविवारी घरामागच्या शेडमध्ये लाकूडकाम करतो. दोन वर्षांपूर्वी पावसात आमच्या परसातला फणस पडला, तो सॉ मिलवर नेऊन कापून आणला, फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या आणि आता चवथीच्या आधी गणपतीसाठी एक चौरंग आणि चार पाट करायचं घरात सांगून बसलोय. म्हणजे मागे फिरायची सोय नाही.

मशीन टेबलावर ठेवायचा साधा १३ इंची थिकनेस प्लेनर (फळी आतून सरकवून सारख्या जाडीची करणारं रंध्याचं मशीन) आहे, दोन पात्यांचा, पुढे-मागे घडी होणारी टेबलं. अडचण अशी की फळी आत जाताना ठीक जाते, पण बाहेर पडताना शेवटच्या अडीच-तीन इंचात खोल खातो. नखाला पायरी लागते. व्हर्नियरने बघितलं तर मध्ये ३१.२ मिमी आणि टोकाला ३०.८. पुढच्या टोकालापण थोडं खातो पण ते नगण्य. आणि गंमत म्हणजे दीड फुटाचा तुकडा घातला तर जवळजवळ काहीच नाही, पाच फुटी फळी घातली की हमखास!

करून बघितलेलं: हेडचं (पाती बसवलेल्या वरच्या भागाचं) लॉक दर वेळी लावतो, पाती उलटी करून नवी धार घेतली, एका वेळी अर्ध्या मिलिमीटरच्या वर काढत नाही. बेडवर (पात्यांखालच्या सपाट तळावर) फळी अडखळत होती म्हणून खोबरेल तेल लावलं, त्याने फळीला डाग पडले, ते सोडून द्या. आमच्या वाड्यावरच्या मेस्तांना विचारलं तर ते म्हणाले मशीन म्हटलं की टोक खाणारच, हातरंधा घे. त्यांचं बरोबर असेल, पण पाच फळ्या हातरंध्याने मारायचा दम माझ्यात नाही.

टेबलांच्या खाली बोल्ट आणि चेकनट (बोल्ट जागेवर आवळून ठेवणारे नट) दिसतात, ते फिरवायचे का, किती, कुठल्या दिशेने? उगाच फिरवून आहे ते बिघडवायचं नाही म्हणून विचारतोय.

प्रतिसाद:
दादा, तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, लांब फळीला होतं आणि आखूडला नाही. पात्यांच्या अलीकडे एक रोलर, पलीकडे एक. दोन्ही दाबून आहेत तोवर फळी बेडला चिकटून. शेवटच्या दोन-तीन इंचात अलीकडचा रोलर सुटतो, फळी एकट्या पलीकडच्या रोलरवर उरते, तेव्हा साडेचार फूट वजन बाहेर लोंबतंय, ते खाली गेलं की मागचं टोक झोपाळ्यासारखं वर उठून पात्याला लागतं. बाहेरचं टेबल जरासुद्धा झुकलेलं असलं की झालंच.

आधी प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. हेड वर घ्या. चार फुटी सरळ अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या (दुकानातच डोळ्याला लावून सरळ बघून घ्या) आणि दोन्ही टेबलांवरून बेडच्या आरपार ठेवा. पाइप टेबलांच्या बाहेरच्या टोकांना टेकला पाहिजे आणि मध्ये बेडवर एक-दोन व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट पाहिजे. म्हणजे टेबलं बाहेरच्या बाजूला किंचित वर, सपाटसुद्धा नको. डावीकडून बघा, उजवीकडून बघा. चेकनट सैल करून बोल्ट पाव-पाव फेरा, आणि चेकनट आवळताना बोल्ट धरून ठेवा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून.

प्रतिसाद:
वर सांगितलंय ते करा, पण टेबल लावलं तरी फळी सोडून चहाला जाऊ नका. घालताना मागचं टोक हलकं उचलून धरायचं आणि बाहेर येताना पलीकडे जाऊन पुढचं टोक उचलायचं, फार नाही, फळी बेडवर दाबली जाईल इतपतच. पाचही फळ्या एकामागोमाग टोकाला टोक लावून घातल्या तर रोलर कधी मोकळा राहत नाही, मग पहिलीचं पुढचं आणि शेवटचीचं मागचं टोक सोडलं तर बाकी वाचतात. तिथे रद्दी तुकडे लावा, तेवढ्याच जाडीचे पाहिजेत. आणि फळी मापापेक्षा सहा इंच लांब ठेवा, आम्ही तर नेहमी तसंच करतो, दोन्हीकडचे तीन-तीन इंच शेवटी कापून टाकायचे.

फणसाच्या रेषा उलटसुलट असतात, शेवटचा हात अगदी पातळ मारा नाहीतर ढलप्या उडतील. बेडला तेल नको, साधी मेणबत्ती घासून फडक्याने पुसा.

मूळ धागाकर्ता:
देव बरें करूं दोघांना! आज पाइप ठेवून बघितला. फळी घालायच्या बाजूचं टेबल बरोबर, फळी बाहेर पडते त्या टेबलाच्या टोकाला मात्र पाइपखाली रुपयाचं नाणं आरामात सरकतं. म्हणजे वर असायचं ते खालीच होतं. शेड बदलताना मशीन त्याच टेबलाला धरून उचललं होतं, आता आठवलं. बोल्ट वर घेतले, उजवीकडचा चेकनट गंजून बसलेला, त्यात अर्धा तास गेला. नंतर एक रद्दी फळी, तीसुद्धा पाच फुटी, टोक न उचलता मुद्दाम तशीच सोडली: मध्ये २९.६, टोकाला २९.५. उचलून धरली तर नखाला काहीच लागत नाही.

एकच विचारायचं राहिलं. चार पाटांपैकी दोनांच्या फळ्या आधीच मापाला कापून झाल्यात, त्यांना सहा इंच कुठून आणू?

प्रतिसाद:
दोन्ही बाजूंना फळीपेक्षा फूटभर लांब पट्ट्या गोंदाने चिकटवा, फळीच्याच जाडीच्या, पुढे-मागे सारख्या बाहेर ठेवून, खिळा अजिबात नको. टोक खायचं ते पट्ट्यांचं खाईल. मग पट्ट्या कापून टाका. पण आधी रुंदी मोजा, पट्ट्या धरून १३ इंचात बसतंय ना ते.