प्रतिसाद: 'बिलियन' म्हणजे नेमके किती?

जुन्या इंग्रजी पुस्तकातला 'बिलियन' सरळ शंभर कोटी धरावा का, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'हो' म्हटलंय. माझ्या मते आधी पुस्तक कुठलं आणि कधीचं ते पाहावं.

आज इंग्रजीत बिलियन म्हणजे एक अब्ज, यात वाद नाही. पण ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एक लाख कोटी. फरक हजारपटीचा! अमेरिकेत मात्र आधीपासून अब्जच रूढ होता. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं, की सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार दशलक्षच. त्याआधीच्या ब्रिटिश मजकुरात म्हणूनच संदर्भ तपासावा लागतो. किती शून्यं लिहिलीत ते बघा. तोच भरवशाचा पुरावा.

खरं तर जुना अर्थ शब्दाच्या घडणीशी जास्त जुळतो. 'बाय' म्हणजे दोन, म्हणून दशलक्षाचा दुसरा घात. फ्रान्सच्या निकोला शुके या गणितज्ञाने १४८४ च्या हस्तलिखितात हीच पद्धत मांडली होती.

आणि हा घोळ फक्त जुन्या पुस्तकांपुरता नाही. जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये आजही बिलियनचा भाऊबंद शब्द लाख कोटींसाठीच वापरतात. अब्जाला जर्मनमध्ये 'मिलियार्डं' म्हणतात. त्या भाषांतून आलेली बातमी अनुवादित करणाऱ्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. तिथला बिलियन म्हणजे इंग्रजीतला ट्रिलियन.